गावची वेबसाइट, परमुलखातलं गिऱ्हाईक

ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळच्या एखाद्या होम-स्टेची साइट उघडून बघा. सगळ्यात वर गजानन महाराजांचा फोटो, खाली मालक शाल-श्रीफळ घेतायत तो फोटो, मग 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' ही ओळ आणि दहा आकडी मोबाईल नंबर. समुद्रपूर तालुक्यातल्या हळदवाल्या गटाची साइटही थोड्याफार फरकानं अशीच असते. चंद्रपूर-वर्ध्याच्या माणसाला एवढं पुरतं. नंबर लावला, आडनाव विचारलं, गाव विचारलं, की ओळख निघतेच. पण कोलकात्याच्या किंवा म्युनिकच्या माणसाला ओळख काढायची सोय नाही. त्याला जे काही कळायचं ते पानावरच कळलं पाहिजे.

'बाहेरचं गिऱ्हाईक पाहिजे तर साइट इंग्रजीत करून घे' हा सल्ला सगळेच देतात. मी ते काम सगळ्यात शेवटी ठेवीन. 'उत्तम सोय' हे इंग्रजीत लिहिलं तरी त्यातून काही कळत नाही. आधी त्या माणसाच्या मनातल्या शंका शोधायच्या, त्यांची उत्तरं मराठीतच नीट लिहायची आणि मग भाषांतराला पैसे द्यायचे. खाली त्याच क्रमानं लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः दोनच धंद्यांची घेतली आहेत, होम-स्टे आणि हळद. कोसा विणणारे, बांबूकाम करणारे, संत्र्याचा रस काढणारे यांनी आपापल्या जागी आपला माल धरावा.

पहिली पायरी: नेमकं कोण ते ठरवा

'बाहेरचे लोक' नावाचं गिऱ्हाईक कुठंच नसतं. दुर्गापूजेच्या सुट्टीत सगळं कुटुंब घेऊन येणारा बंगाली, कांदा-लसूण न खाणारा गुजराती जैन, कॅमेऱ्याच्या दोन पेट्या घेऊन एकटाच येणारा जर्मन, दीक्षाभूमी बघून पुढं फिरणारा थाई किंवा जपानी बौद्ध यात्रेकरू, न्यू जर्सीत राहून वायगावची हळद मागवणारी वर्ध्याची मुलगी. या पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी हव्या असतात, आणि एका पानानं पाचही जणांचं समाधान होत नाही.

म्हणून आधी घरातच शोधा. मागच्या दोन हंगामांचं रजिस्टर, व्हॉट्सॲपवरच्या चौकशा, कुरिअरच्या पावत्या. साइट गूगल सर्च कन्सोलला जोडलेली असेल तर कोणत्या देशातून कोणता शब्द शोधून लोक आले ते फुकटात दिसतं. त्यातून एक गट निवडा, फार तर दोन. माझं मत विचाराल तर सुरुवात देशातल्याच दुसऱ्या भाषेच्या गिऱ्हाइकापासून करावी. प्राणहितेच्या पलीकडचा तेलंगणातला माणूसही आपल्या साइटला परकाच आहे, पण पैसे रुपयांत देतो आणि त्याच्याकडे पाठवायच्या मालाला कस्टम लागत नाही. तिथं हात बसला की पुढचं सोपं जातं.

दुसरी पायरी: शंकांची यादी, आणि त्यावरून पहिलं पान

आधी येऊन गेलेल्या, माल घेतलेल्या चार-पाच बाहेरच्या लोकांना फोन करा. 'आवडलं का' हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'पैसे पाठवण्याआधी कशाची धाकधूक होती' हे विचारा. जी उत्तरं येतील त्यांच्यावरून पहिलं पान लिहायचं.

होम-स्टेचा जुना मजकूर समजा असा आहे: 'निसर्गरम्य परिसरात राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. एकदा अवश्य भेट द्या.' त्याच जागी असं लिहून बघा:

'मोहर्ली गेटपासून चालत दहा मिनिटं. चार खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम, कमोड आणि गरम पाणी. खिडक्यांना मच्छरजाळी. वीज गेली तर पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालतात, एसी चालत नाही. नागपूर विमानतळापासून गाडीनं साधारण तीन तास. गाडी आम्ही पाठवतो, भाडं आधी कळवतो. वायफाय फक्त पडवीत मिळतं.'

'एसी चालत नाही' हे वाक्य मालकांना खुपतं. काढून टाका म्हणतात. काढू नये. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. ज्याला हे आधी कळलं तो तयारीनं येतो किंवा फेब्रुवारीत येतो. ज्याला रात्री अकराला कळलं तो गूगलवर एक तारा देऊन जातो, आणि तो तारा पुढच्या प्रत्येक परक्या गिऱ्हाइकाला दिसतो. शिवाय जो माणूस आपली उणीव स्वतःहून लिहितो त्याच्या बाकीच्या गोष्टी लोकांना खऱ्या वाटतात. बाथरूमचा फोटो टाकायलाही आपल्याकडे संकोच वाटतो. परदेशी पाहुणा मात्र खोलीच्या आधी तोच शोधतो.

आपल्याला जन्मापासून माहीत असलेल्या म्हणूनच लिहायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी इथंच घ्या. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, दर मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद. खोलीचं बुकिंग म्हणजे सफारीचं बुकिंग नव्हे, ते वन विभागाच्या साइटवर वेगळं करावं लागतं. हा घोळ फार होतो, म्हणून ही ओळ 'बुक करा' बटनाच्या अगदी वर टाका. परदेशी पाहुण्याची माहिती ठरलेला फॉर्म भरून २४ तासांत ऑनलाइन सरकारला कळवावी लागते. तेव्हा 'आल्यावर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घेऊ, हा भारतातला नियम आहे' असं आधीच लिहा, नाहीतर पासपोर्ट मागितला की माणूस बिचकतो. दारूचंही तसंच. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०२१ मध्ये उठली. सेवाग्रामजवळ राहणाऱ्या युरोपियन पाहुण्याला संध्याकाळी बिअर का मिळत नाही ते पानावरच वाचायला मिळालं तर यजमानाला खजील व्हावं लागत नाही.

जेवणाच्या पानावर सांबारवडी, गोळाभात, पाटवडी-रस्सा ही नावं जशीच्या तशी ठेवा. त्या नावांसाठीच तर लोक येतात. प्रत्येकाखाली एका ओळीत त्यात काय आहे ते लिहा, तिखट किती तेही. सावजी रस्सा आपल्याला 'बेताचा' वाटतो तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी येत असतं. जैन पाहुण्यांसाठी वेगळी भांडी खरोखर असतील तरच तसं लिहा. आखातातून किंवा हैदराबादेतून येणारा मुसलमान पाहुणा मटण हलाल आहे का हे विचारतोच. असेल तर हो, नसेल तर नाही, स्पष्ट लिहावं. शेंगदाणा, तीळ, दूध, गहू कशात आहे ते सांगणं हा परदेशी माणसाला नखरा वाटत नाही. कित्येकांना शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतते, आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठं नसतो?

तिसरी पायरी: तारीख, आकडे, मापं

हे काम एका दुपारचं आहे, पण नुकसान वाचवणारं. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. त्यानं फॉर्मात ०५/०७ लिहिलं तर त्याच्या मनात ७ मे आहे, तुम्ही वाचता ५ जुलै, आणि जुलैत कोअर बंद. म्हणून तारीख टाइप करायला लावूच नका, कॅलेंडरातून निवडायला द्या आणि पोचपावतीत महिन्याचं नाव अक्षरांत येऊ द्या.

१,२५,००० ही आपली स्वल्पविरामाची पद्धत बाहेर चालत नाही, लाख-कोटी तर नाहीच. परदेशी पानावर १२५,००० लिहा. जर्मनीत तर पूर्णविराम आणि स्वल्पविराम उलटे चालतात, तेव्हा किमतीत दशांश टाळलेलाच बरा. हळद ग्रॅममध्ये द्या, अमेरिकेसाठी बाजूला औंस. वेळ लिहिताना 'भारतीय वेळ' हे शब्द जोडा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे, न्यूयॉर्क ऋतूप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तास मागं.

पत्त्यात 'बसस्टँडजवळ, पाटील यांच्या वाड्यासमोर' एवढ्यावर भागवू नका. नकाशावरची खूण, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड, आणि जवळचं मोठं स्टेशन. वर्धा, चंद्रपूर, बल्लारशाह ही नावं रेल्वेच्या ॲपमध्ये सापडतात, तुमच्या गावचं सापडेलच असं नाही.

चौथी पायरी: फॉर्म आणि पैसे

इथं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त गळतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शेजारी बसून एकदा बघा. माणसानं माल निवडला, पत्त्याच्या पानावर आला. नावाच्या रकान्यात 'नाव' आणि 'आडनाव' दोन्ही सक्तीचे. पुष्कळ तमिळ माणसांना आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, आणि फॉर्म एक अक्षर घेत नाही. पुढं मोबाईल, बरोब्बर दहा आकडी. परदेशी नंबर बसत नाही. पुढं पिनकोड, सहा आकडे सक्तीचे. दुबईत पिनकोडची पद्धतच नाही, पोस्ट बॉक्स असतो. अमेरिकेचा कोड पाच आकडी, ब्रिटनच्या कोडात अक्षरंही येतात. राज्याच्या यादीत फक्त भारतातली राज्यं. या टप्प्यावर माणूस चूपचाप टॅब बंद करतो. तो तक्रार करत नाही, त्यामुळे 'बाहेरून मागणीच नाही' असा आपला समज होतो.

उपाय साधा आहे. नावाचा एकच रकाना ठेवा. फोनला देशाचा कोड निवडायची सोय द्या. देश सगळ्यात आधी विचारा आणि त्याप्रमाणे बाकीचे रकाने ऐच्छिक करा. साइट बनवणाऱ्याला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो जास्त सांगत असेल तर दुसऱ्याला विचारा.

पैशांचं म्हणाल तर यूपीआयचा क्यूआर छापून परदेशी माणसाचा काही उपयोग नाही, बहुतेकांकडे ते चालत नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर कार्डानं पैसे घ्यायची सोय, घेतला असेल तरी परदेशी कार्डं बहुधा वेगळी चालू करून घ्यावी लागतात. त्यासाठी परतावा, रद्द करणं, माल पाठवणं आणि संपर्क ही पानं साइटवर असावी लागतात, तेव्हा ती आधीच लिहून ठेवा. पेपालनं भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, पण परदेशातून पैसे घेणं चालू आहे. किंमत डॉलर-युरोत अंदाजे दाखवा आणि बिल रुपयांत होईल असं शेजारीच लिहा.

पाचवी पायरी: फोटो, चिन्हं, रंग

सत्काराचे फोटो पहिल्या पानावरून 'आमच्याविषयी'त हलवा. आमदारसाहेबांच्या हस्ते मिळालेला पुरस्कार गावात वजनाचा असतो, बंगळुरूत त्यांना कोणी ओळखत नाही. त्या जागी हळद उकडतानाची कढई, वाळवणाचं अंगण, पॉलिशचं यंत्र चालवणारे हात. मालाच्या मागं कोण आहे हे माणसाला बघायचं असतं. नेटवरून उचललेला गोऱ्या बाईचा हसरा फोटो मात्र टाकू नका. परदेशी माणूस तो लगेच ओळखतो, त्याच्या देशातल्या दातांच्या दवाखान्याच्या साइटवर तोच असतो.

देवाचे फोटो काढून टाका असं मी म्हणणार नाही. गजानन महाराज पानावर असू द्यावेत, खाली 'शेगावचे संत, आमच्या घरी यांची भक्ती' इतकं लिहावं, पाहुणा आपणहून विचारतो. स्वस्तिकाचं मात्र वेगळं आहे. लोगोत किंवा पाकिटावर लाल स्वस्तिक असेल तर युरोपात आणि अमेरिकेत त्याचा एकच अर्थ लागतो. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर वापरावर फौजदारी कायद्यानंच बंदी आहे. आपलं चिन्ह धार्मिक आहे हे कस्टमच्या कर्मचाऱ्याला आणि दारात पाकीट उघडणाऱ्या बाईला समजावत कोण बसणार? घरच्या मालावर ठेवा, तिकडच्या पाकिटावर नको. ज्यूधर्मीय पाहुणे येत असतील तर उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाबद्दल एक ओळ साइटवर आधीच असलेली बरी.

थायलंड-श्रीलंकेचे यात्रेकरू तुमचं गिऱ्हाईक असतील तर बुद्धाचा चेहरा पायपुसण्यावर, चपलेवर, टेबलावर टाकायच्या कापडावर छापून विकू नका. तिथं तो अपमान समजतात.

रंगांबद्दल नेटवर लांबलचक तक्ते फिरतात: चीनमध्ये लाल शुभ, पूर्व आशियात पांढरा शोकाचा, जपानात चार आकडा अशुभ. खोटं नाही त्यात काही, पण हळदीचं पाकीट पिवळंच असणार. तक्त्यासाठी दुकान रंगवत बसू नका. चारचा सेट जपानसाठी पाचचा केला तरी पुष्कळ झालं.

सहावी पायरी: मालाविषयी काय लिहायचं आणि काय नाही

'कॅन्सर, मधुमेह, सांधेदुखीवर रामबाण' ही ओळ हळदीच्या साइटवरून आजच काढा. अमेरिकेत रोग बरा करण्याचा दावा केला की एफडीए, म्हणजे तिथली अन्न-औषध नियंत्रण संस्था, त्या मालाला औषध समजते, आणि युरोपात खाद्यपदार्थावर असा दावा करायला मनाईच आहे. आपल्याकडेही १९५४ चा जादुई उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, फक्त तो आपण मनावर घेत नाही.

दाव्याऐवजी पुरावा द्या. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भिवापूरच्या मिरचीलाही त्याच वर्षी. तुमचा गट अधिकृत वापरकर्ता असेल तर नोंदणी क्रमांक पानावर टाका. बॅच क्रमांक, कुरकुमिनचं (हळदीतल्या पिवळ्या घटकाचं) प्रमाण, शिसं आणि कीटकनाशकांच्या तपासणीचा अहवाल तारखेसह ठेवा. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उपखंडात उघडकीला आल्यापासून जाणता ग्राहक शिशाचाच अहवाल आधी बघतो. आपल्या हळदीचा रंग बाजारातल्यापेक्षा वेगळा असेल तर तेही लिहा.

संत्र्याच्या रसाचे किंवा मुरंब्याचे बरेच विक्रेते इथंच गडबडतात. नागपुरी संत्रं हे शास्त्रीयदृष्ट्या मँडरिन, सैल सालीचं. परदेशी माणूस ऑरेंज म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं आपल्या मोसंबीसारखं घट्ट सालीचं फळ असतं. वर्णनात 'मँडरिन' हा शब्द असला तर शोधणाराही योग्य येतो आणि बाटली उघडल्यावर चकित होत नाही.

मोहाडी-आंधळगावकडचा कोसा विकत असाल तर धाग्यातली गाठ आणि रंगातली किंचित उतरण हा हातमागाचा गुण आहे हे फोटोसह दाखवा, नाहीतर 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत येतं. साडीशेजारी स्टोल आणि मीटरवर कापड ठेवा. धुवायचं कसं तेही लिहा, कारण तिकडं सगळं मशीनमध्ये जातं.

कागदपत्रं थोडक्यात: परदेशी विक्रीसाठी आयात-निर्यातीचा आयईसी कोड, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपयांत निघतो. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, मसाल्याच्या निर्यातीला स्पाइसेस बोर्डाची नोंदणी. छोट्या पार्सलांसाठी पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, हेड पोस्टात चौकशी करा. अमेरिकेत खाद्यपदार्थ पाठवायचा तर एफडीएला आधी सूचना द्यावी लागते, आणि ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. ड्युटी कोण भरणार, हे किमतीशेजारीच लिहा. दारात कुरिअरवाल्यानं पैसे मागितले की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं, आणि परत आणायचा खर्च हळदीपेक्षा जास्त होतो.

सातवी पायरी: आता भाषा

इतकं झाल्यावर तुमच्याकडे ठोस मजकुराची पाच-सहा पानं असतील. आता इंग्रजी करा, आणि निवडलेल्या गटाची एक भाषा. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर भाषांतराच्या यंत्राला तो कचरा दिसतो. फोटोत कोरलेला मजकूर, दरपत्रकाची जेपीजी, हेही टाइप करून घ्या.

यंत्रानं केलेलं भाषांतर कच्चा खर्डा म्हणून ठीक. ते त्या भाषेच्या माणसाला वाचायला द्या, निदान दर, रद्द करण्याचे नियम आणि ॲलर्जीच्या ओळी तरी. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी भाषा शिकवतात. तिथल्या विद्यार्थ्याला योग्य मानधन देऊन हे काम होऊ शकतं.

साइट बनवणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. प्रत्येक भाषेचा पत्ता वेगळा असू दे आणि एचरेफलँगची खूण लाव, म्हणजे कोणतं पान कोणत्या भाषेचं ते गूगलला कळतं. भाषा निवडायला झेंडे नकोत, भाषेचं नाव त्याच लिपीत लिही. बटनांना जागा सोड, कारण जर्मन आणि तमिळ शब्द लांब असतात. अरबी करणार असाल तर सगळं पान उजवीकडून डावीकडे फिरतं, तो वेगळा खर्च आहे.

आठवी पायरी: उत्तर देणारा माणूस

व्हॉट्सॲप जर्मनीत चालतं, जपानात लोक लाइन नावाचं ॲप वापरतात, आणि चीनमध्ये व्हॉट्सॲप, यूट्यूब, गूगल नकाशा काहीच उघडत नाही. म्हणून ईमेल हवाच, आणि तो रोज उघडणारा माणूसही. 'नेटवर्क कमी असतं, २४ तासांत उत्तर देतो' असं लिहून पाळलं तरी चालतं. उत्तरात दर सांगा. 'फोन करा, ॲडजस्ट करू' हे आपल्याकडे आपुलकीचं असतं, जर्मन माणसाला मात्र त्यात काहीतरी लपवतोय असं वाटतं. त्यांच्या देशात व्यावसायिक साइटवर मालकाचं नाव, पत्ता, संपर्क देणारं इम्प्रेसुम नावाचं पान कायद्यानं लागतं. तसं एक पान तुम्हीही ठेवा. युरोपियन ग्राहकांना लक्ष्य करणार असाल तर मे २०१८ पासूनचा जीडीपीआर, म्हणजे तिथला खासगी माहिती जपण्याचा कायदा, लागू होतो. त्यांचे नंबर जाहिरातीच्या ग्रुपात परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. भारतीय गिऱ्हाइकाचेही टाकू नयेत, पण ते वेगळं.

सगळं जमलं की त्या गटातल्या एका ओळखीच्या माणसाला साइट पाठवा आणि त्याला शेवटपर्यंत, पैसे भरण्यापर्यंत जायला सांगा. त्याची रक्कम परत करा. तो फोनवर बोलत असताना तुम्ही मधे काही समजावू नका, जिथं अडखळला ती जागा फक्त लिहून घ्या. दर बदलले की सगळ्या भाषांत त्याच दिवशी बदला. मराठीत नवा आणि इंग्रजीत जुना दर राहिला तर भांडण अटळ आहे. आणि एक हंगाम उलटूनही ज्या भाषेच्या पानावरून एकही चौकशी आली नाही, ते पान सरळ काढून टाका.